किलिमांजारोची उत्तरेकडची वाट आणि मधला एक दिवस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन जवळ आला की महाराष्ट्रातील कुणा ना कुणा गिर्यारोहकाने टांझानियातील किलिमांजारोच्या शिखरावर तिरंगा फडकवल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत छायाचित्रासह येते. ती वाचून मला मनापासून आनंद होतो, कारण सह्याद्रीच्या वाटांवर पाय घट्ट झालेली आपली माणसे आता विषुववृत्ताजवळच्या त्या हिमशिखरापर्यंत पोहोचू लागली आहेत. मात्र या बातम्यांत शिखराची उंची असते, थंडी किती होती ते असते, पण गिर्यारोहक कोणत्या वाटेने गेला, चढायला किती दिवस घेतले आणि त्याचे सामान कोणी वाहिले, हे तीन तपशील बहुधा नसतात. पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाला सर्वांत जास्त उपयोग याच तपशिलांचा असतो, असे मी त्या पर्वतावर दोनदा जाऊन आल्यानंतर खात्रीने म्हणू शकते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकला भूगोल शिकवत असे आणि आता निवृत्त आहे. पहिल्यांदा किलिमांजारोला गेले ते ऑगस्ट २०१६ मध्ये, अकरा जणांच्या गटातून. आयोजकांनी १५ ऑगस्टची सकाळ शिखरावर उजाडली पाहिजे असे आधी ठरवले होते आणि मग त्या तारखेपासून मागे मोजत चढाईचे दिवस बसवले होते. वाट मारंगूची होती. ही सर्वांत जुनी वाट असून तिच्यावर मुक्कामाला लाकडी झोपड्या असल्यामुळे ती सोपी समजली जाते. पहिली रात्र मांडाराला सुमारे २,७०० मीटरवर, दुसरी होरोम्बोला सुमारे ३,७०० मीटरवर, तिसरी किबो येथे सुमारे ४,७०० मीटरवर, आणि त्याच रात्री बाराच्या सुमारास शिखराकडे कूच, असा कार्यक्रम होता. माझे डोके होरोम्बोलाच दुखू लागले होते. किबोला जेवण समोर आले तेव्हा वासही सहन होईना. हे सांगितल्यावर ‘डोके सगळ्यांचेच दुखते, मनाची तयारी हवी’ असे उत्तर मिळाले. पुढे हान्स मायर गुहेपाशी, म्हणजे ५,१०० मीटरच्या वर, मला दोनदा उलटी झाली. मी हातमोजा काढून पुन्हा घालू लागले तेव्हा अंगठ्याच्या जागी करंगळी घालत होते, आणि तो मोजा दुसऱ्या हाताचा आहे हे माझ्या लक्षातच येत नव्हते. एक स्थानिक साहाय्यक मार्गदर्शक हे शांतपणे पाहत होता. त्याने माझ्या हातातला मोजा घेतला, नीट घालून दिला, दंडाला धरून मला उभे केले आणि खाली नेले. त्याने तसे केले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करते. अकरापैकी चौघे वर पोहोचले. बातमी मात्र ‘मोहीम यशस्वी’ अशी छापून आली.

शिखर हुकल्याचे दुःख फार दिवस राहिले नाही. राहिला तो एक हिशेब, जो मी जाण्यापूर्वीच करायला हवा होता. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असे पर्वतीय वैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. आमच्या कार्यक्रमात ती रोज हजार मीटरने वाढत होती. किलिमांजारोचे सर्वोच्च टोक उहुरू ५,८९५ मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीराला याची सवय होते, परंतु ती दिवसांनी होते, जिद्दीने होत नाही. आपल्याकडे कळसूबाई चढून आलेला, महिन्यातून दोन किल्ले करणारा दणकट मुलगा उंचीच्या त्रासाने खाली आणावा लागतो आणि चाळिशीच्या पुढची, सावकाश चालणारी बाई वर पोहोचते, याचे कारण हेच आहे. धावण्याचा सराव पायांना आणि छातीला उपयोगी पडतो, पण रक्तात घडून यावे लागणारे बदल त्याने लवकर होत नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही चौघे पुन्हा गेलो, आणि या वेळी रोंगाईची वाट निवडली. या पर्वतावर उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून चढणारी ही एकमेव रुळलेली वाट आहे. तिच्यावर गर्दी तुलनेने कमी असते, याचे एक कारण अगदी साधे आहे: मोशी आणि अरूशा ही शहरे पर्वताच्या दक्षिणेला आणि नैऋत्येला आहेत, त्यामुळे रोंगाईच्या प्रारंभापर्यंत पोहोचायलाच गाडीचा लांबचा वळसा घ्यावा लागतो. मचामे आणि लेमोशो या वाटा दक्षिणेकडील व पश्चिमेकडील बाजूंनी चढतात आणि देखाव्याच्या दृष्टीने त्या अधिक विविध आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बारांकोची प्रसिद्ध भिंत रोंगाईवर नाही, लाव्हा टॉवरही नाही. पण चालताना पुढच्या माणसाची सॅक नाकासमोर नसणे आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्री शांतता असणे, हे ज्यांना मोलाचे वाटते त्यांनी या वाटेचा विचार अवश्य करावा.

भूगोलाच्या शिक्षिकेला या बाजूचे आणखी एक आकर्षण होते. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पर्वताच्या दक्षिण उतारावर अडतात आणि तेथेच बहुतेक पाऊस पाडतात. उत्तर उतार पर्जन्यछायेत राहतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातील फरक आपण शाळेत शिकतो, तोच येथे एका पर्वताच्या दोन अंगांना दिसतो. म्हणूनच मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या काळात ज्यांना जावेच लागते, त्यांना पुष्कळदा रोंगाई सुचवली जाते. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे महिने मात्र सर्वच वाटांना चांगले.

वाट नाले मोरू येथे सुरू होते. हे ठिकाण सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) जिथे संपते त्याच्याही बऱ्याच वर या पर्वताची पहिली पायरी लागते. सुरुवातीला मक्याची आणि बटाट्याची शेते व पाइनची लागवड यांमधून जावे लागते. शेताच्या बांधावर उभी असलेली शाळकरी मुले ‘जांबो’ म्हणून हात हलवत होती. पुढे नैसर्गिक जंगलाचा एक अरुंद पट्टा लागतो, ज्यात नशीब असेल तर पांढऱ्या झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडे दिसतात. आम्हाला दिसली. पहिला मुक्काम सिंबा कॅम्पला, सुमारे २,६०० मीटरवर. संध्याकाळी ढग विरले आणि खाली केनियातील लोईतोकितोक गावचे दिवे लागलेले दिसले. तंबूत झोपायचे होते, कारण या वाटेवर चढताना मारंगूसारख्या झोपड्या नाहीत.

दुसऱ्या दिवसाची चाल मोठी होती. ‘सेकंड केव्ह’पर्यंत दुपार झाली आणि तेथून तिरके, किबो या पर्वताच्या मुख्य शंकूला उजवीकडे ठेवून मावेन्झी या दुसऱ्या शंकूच्या दिशेने किकेलेल्वाच्या मुक्कामाला, सुमारे ३,६०० मीटरवर, उतरत्या उन्हात पोहोचलो. येथे महाकाय सेनेसिओची झाडे आहेत. माणसापेक्षा उंच खोड आणि टोकाला कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका. हे झाड वाळलेली पाने टाकून देत नाही. ती खोडाभोवती घोंगडीसारखी लपेटून राहतात आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीपासून आतल्या खोडाचे रक्षण करतात. दिवस मावळताना टोकाचा झुबका हळूहळू मिटू लागतो. मी एका झाडाच्या वाळक्या पानांत हात घातला, तर बाहेर बोटे बधिर होत असताना आत ऊब होती. ज्या उंचीवर रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा असतो, तेथे टिकून राहण्याची त्या झाडाची ही रीत मी मुलांना कितीतरी वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते.

तिसऱ्या दिवशी चार तासांची छातीवर येणारी चढण चढून मावेन्झी तळ्याकाठी पोहोचलो. उंची सुमारे ४,३०० मीटर. मावेन्झी हे किलिमांजारोच्या तीन ज्वालामुखी शंकूंपैकी दुसरे. शिरा आणि किबो हे उरलेले दोन. मावेन्झीचा माथा ५,१४९ मीटर उंच आहे, आणि त्याचे कातळकडे इतके उभे व ठिसूळ आहेत की ट्रेक करणाऱ्यांना तेथे जाता येत नाही. आम्ही या कड्यांच्या पायथ्याशी दोन रात्री राहिलो. पत्राच्या शीर्षकात ज्या दिवसाचा उल्लेख आहे तो हाच. सहा दिवसांच्या कार्यक्रमात तो नसतो. सात दिवसांच्या कार्यक्रमात असतो, आणि सर्व फरक तोच पाडतो असे माझे मत आहे.

त्या दिवशी विशेष काही करायचे नव्हते. सकाळी तळ्याच्या काठावर कागदासारखा पातळ बर्फ धरला होता. पांढऱ्या मानेचे मोठे कावळे तंबूंच्या आसपास टेहळणी करत होते. नाश्त्याला ऊजी नावाची पातळ पेज, जी आपल्या आंबिलीची आठवण करून देते, आणि चपाती, जिला तेथेही चपातीच म्हणतात. मग दोन-अडीचशे मीटर वर मावेन्झीच्या एका धारेवर चढून गेलो, अर्धा-पाऊण तास बसलो आणि परत मुक्कामी आलो. उंच जावे आणि खाली येऊन झोपावे, या नियमाचे पालन एवढेच. दुपारी माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे डोके दुखत होते. संध्याकाळपर्यंत ते थांबले आणि तिने स्वतःहून आणखी वरण मागून घेतले. २०१६ मध्ये मला हा दिवस मिळाला नव्हता. आमचा मार्गदर्शक मला आदराने ‘मामा’ म्हणत असे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि वडीलधाऱ्या बाईला असेच संबोधतात. पावलापावलाला तो ‘पोलेपोले, मामा’ म्हणायचा, म्हणजे सावकाश, अगदी सावकाश. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून तो प्राणवायूची पातळी वहीत लिहून घ्यायचा आणि भूक लागली का, झोप लागली का, हे विचारायचा. ‘डोके दुखते’ असे म्हणणाऱ्याला कमी लेखणारा एकही शब्द आम्ही त्याच्या तोंडून ऐकला नाही.

तेथून किबोपर्यंतची चाल म्हणजे मावेन्झी आणि किबो यांच्यामधली प्रचंड, ओसाड खिंड. सगळीकडे वाळू, दगड आणि वारा. झाड नाही, झुडूप नाही, पाणी नाही. किबोच्या मुक्कामाला पोहोचल्यावर मारंगूची वाट येऊन मिळते, आणि रोंगाईने येणाऱ्यांनी याची मनाशी आधीच तयारी ठेवावी, कारण शेवटच्या रात्री गर्दी टाळता येत नाही. तेथून विवराच्या कडेवरील गिल्मन्स पॉइंटपर्यंत सुमारे हजार मीटरची चढण आहे आणि तिचा वरचा बराचसा भाग शुद्ध घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी खडी आहे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढलेल्यांना घसारा म्हणजे काय हे सांगायला नको. तो अंधारात, शून्याखाली दहा-पंधरा अंश थंडीत, निम्म्या श्वासावर चढायचा असतो. पाण्याच्या नळीत पाणी गोठते, म्हणून बाटली उलटी करून जाकिटाच्या आत ठेवावी. हान्स मायर गुहेपाशी मी मुद्दाम थांबले आणि दोन्ही हातमोजे काढून पुन्हा घातले. बरोबर बसले. गिल्मन्स पॉइंटला तांबडे फुटले, मावेन्झीच्या मागून सूर्य आला, आणि विवराच्या कडेकडेने स्टेला पॉइंटवरून पुढे चालत सकाळी पावणेआठला आम्ही चौघेही उहुरूवर होतो.

शिखराजवळ डाव्या हाताला दक्षिणेकडील हिमनद्यांचे अवशेष दिसतात. १९१२ मध्ये या पर्वतावर सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होते; २००७ पर्यंत त्यातले सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले होते. आता जे उरले आहे ते उन्हात निळसर दिसणारे, उभ्या कापलेल्या भिंतींसारखे तुकडे आहेत. ते पाहताना छायाचित्र काढण्याची इच्छा झाली नाही. उतरताना मारंगूच्याच वाटेने होरोम्बोला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खाली आलो.

रोंगाईची दोन वैगुण्येही नोंदवते. सिंबा ते किकेलेल्वा या पहिल्या मोठ्या टप्प्यात झोपण्याची उंची तेथेही एकदम हजार मीटरने वाढते, म्हणून मधला थांबा नसलेला सहा दिवसांचा कार्यक्रम मी कुणालाही सुचवणार नाही. दुसरे म्हणजे ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांच्यासाठी पश्चिमेकडून चढून पर्वताला उत्तरेने वळसा घालणारी आठ-नऊ दिवसांची वाट उंचीच्या दृष्टीने याहून चांगली आहे.

आता सामान वाहणाऱ्यांविषयी. आम्हा चौघांसाठी सोळा जण होते: मार्गदर्शक, त्याचे दोन साहाय्यक, स्वयंपाकी आणि बारा पोर्टर. किलिमांजारोवर एका पोर्टरने २० किलोपेक्षा जास्त वजन वाहू नये असा नियम आहे आणि प्रवेशद्वारावर तराजूने वजन होते. २०१६ मध्ये होरोम्बोला गारांचा पाऊस पडत असताना मी एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पाहिले होते. त्याच्या पायात कॅनव्हासचे फाटके बूट होते, एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता, आणि डोक्यावर आमच्या गटाची पिशवी होती. त्या पिशवीत माझे दोन जादा स्वेटर होते, जे मी एकदाही घातले नाहीत. त्या आयोजकांनी मोहिमेची किंमत इतरांपेक्षा बरीच कमी ठेवली होती आणि आम्ही सर्वांनी ती पाहूनच नाव नोंदवले होते. उद्यानाचे शुल्क ठरलेले असते, अन्न आणि गाडी यांचा खर्चही फारसा कमी होत नाही. तेव्हा स्वस्त मोहिमेतली बचत बहुतेक वेळा पोर्टरच्या मजुरीतून आणि जेवणातून होते, किंवा मग चढाईचा एक दिवस कापून होते. हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

दुसऱ्या वेळी आम्ही मोशी येथील किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट या संस्थेशी जोडलेल्या कंपनीकडे गेलो. ही संस्था २००३ पासून पोर्टरांच्या मजुरीसाठी आणि वागणुकीसाठी काम करते आणि गरजू पोर्टरांना गरम कपडे, बूट वापरायला देते. या वेळी पोर्टरांना दिवसातून तीनदा जेवण मिळते हे आम्ही स्वतः पाहिले, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसाची रक्कम सर्वांसमोर जाहीर करून ज्याची त्याच्या हातात दिली. खर्च २०१६ पेक्षा खूपच जास्त झाला. तो मला वावगा वाटला नाही.

इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी हे शिखर प्रथम गाठले, तो मायर यांचा तिसरा प्रयत्न होता. त्या वेळी त्यांनी वाटेत निरनिराळ्या उंचींवर तळ उभारले, अन्न वर पोहोचते राहील अशी व्यवस्था केली आणि पर्वतावर मुक्काम लांबवला. त्यांच्यासोबतच्या स्थानिक माणसांपैकी योहानी किन्याला लाऊवो यांचे नाव टांझानियात आजही आदराने घेतले जाते. वरच्या उंचीवर थांबायला वेळ आणि पोटाला अन्न, या दोन गोष्टींची सोय झाली तेव्हा शिखर मिळाले.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, किलिमांजारोच्या मोहिमेची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी वाट कोणती, चढाईला किती दिवस, गटातले किती जण वर पोहोचले व किती परत फिरले, आणि पोर्टरांची व्यवस्था कशी होती, हे चार प्रश्न जरूर विचारावेत. परत फिरलेल्यांची नावेही छापावीत, कारण वेळेवर परत फिरणे हा या पर्वतावरचा महत्त्वाचा निर्णय असतो आणि तो घेणाऱ्याला आज घरी आल्यावर मान खाली घालावी लागते. तसेच ‘शिखर हमखास’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती आपल्या पुरवण्यांत येतात. त्या स्वीकारताना कार्यक्रम किती दिवसांचा आहे हे जाहिरातीत लिहिणे बंधनकारक करता आले तर पुष्कळ तरुण मुले-मुली सावध होतील.

रोंगाईच्या वाटेवरील मुक्काम, त्यांची उंची, रोजच्या चालीचे तास आणि आम्ही बरोबर नेलेल्या सामानाची यादी यांची टिपणे माझ्या वहीत आहेत. ज्या वाचकांना ती हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवल्यास मी त्यांच्या प्रती काढून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक